कॉस देस्तुर्नेल: पॅगोड्यांमागचं वाइनचं कोठार

प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये बोर्दोला जाणं होतंय. मेदोक भागात ‘भारतीय राजवाड्यासारखी’ एक जुनी वाइनरी आहे असं ऐकलं. ती खरंच भारतीय पद्धतीची आहे का, आत नेमकं काय पाहावं, आणि दिंडोरीजवळ आम्ही वीसेक टन द्राक्षांची छोटी वाइनरी बांधतोय तिच्यासाठी तिथलं तळघर आणि पंपाशिवायची रचना उचलता येईल का?

उत्तर:

तुम्ही ऐकलेली इमारत म्हणजे सेंत-एस्तेफ गावाच्या दक्षिण टोकाची ‘कॉस देस्तुर्नेल’. शेवटचा ‘स’ तिथे उच्चारतात, ‘को’ म्हणू नका. हे नाव खड्यांच्या टेकडीसाठी असलेल्या गास्कों बोलीतल्या शब्दावरून आलं असं मानतात. टेकडी आहेही तशीच, वर गारगोट्यांचा जाड थर आणि खाली चिकणमाती व चुनखडक. बोर्दोहून डी-२ रस्त्याने उत्तरेला साधारण ६० किलोमीटर गेलात की पोयाक मागे पडतं, लाफितच्या बागा संपतात, रस्ता एका ओढ्याच्या पाणथळ पट्ट्यात उतरतो आणि पुढच्या चढावर पिवळसर दगडाची लांब इमारत दिसते. तिच्या डोक्यावर तीन पॅगोडे आहेत.

बघताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ही राहायची वास्तू नाही. मेदोकच्या बहुतेक नामवंत मळ्यांत मालकाचं घर मध्यभागी दिमाखात उभं असतं आणि वाइनची कोठारं बाजूला, खालच्या मानाने. शातो मार्गोचं उदाहरण घ्या. बोर्दोचे वास्तुकार लुई कोंब यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ग्रीक देवळासारखे खांब असलेलं घर बांधलं आणि आजही लोक त्या घराचेच फोटो काढतात. कॉसमध्ये सगळं उलट. पॅगोडे, कमान, नक्षीचा दरवाजा हा सगळा थाट कोठाराचा. त्याला फ्रेंच लोक ‘शे’ म्हणतात. आत ना दिवाणखाना, ना शयनगृह. दर्शनी भिंतीच्या मागे टाक्या आणि पिंपं. म्हणून या इमारतीकडे राजवाडा म्हणून पाहिलं तर निम्मी कळते, कोठार म्हणून पाहिलं तर पूर्ण कळते. चेहरा गिऱ्हाइकासाठी, पोट वाइनसाठी, अशी तिची सरळ वाटणी आहे.

चेहऱ्यामागचा माणूस लुई गास्पार देस्तुर्नेल, जन्म १७६२चा. १७९१मध्ये कॉसच्या टेकडीवरची वेली लावलेली जमीन त्याच्याकडे वारशाने आली. या टेकडीचा माल वेगळाच उतरतो हे त्याने ओळखलं आणि तो इतर मालात न मिसळता वेगळा ठेवायला सुरुवात केली. पुढे कर्जापायी १८११मध्ये मळा विकावा लागला, १८२१मध्ये त्याने तो परत मिळवला आणि १८३०च्या दशकात हे कोठार उभं केलं. पण बांधकाम, जमीनखरेदी आणि हौस या तिन्हींचा भार शेवटी झेपला नाही. १८५२मध्ये त्याने मळा लंडनच्या मार्टिन्स नावाच्या बँकरला विकला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. आणखी दोन वर्षांनी, मेदोकच्या मळ्यांना पाच दर्जांत बसवणाऱ्या १८५५च्या प्रसिद्ध वर्गवारीत, कॉसला दुसरा दर्जा मिळाला. सेंत-एस्तेफमधल्या फक्त दोन मळ्यांना तो मिळाला, दुसरा शातो मोंत्रोझ. ज्याने हे सगळं उभं केलं, त्याला मात्र ते पाहायला मिळालं नाही.

आता ‘भारतीय’पणाबद्दल. देस्तुर्नेल आपली वाइन भारतात पाठवायचा, म्हणून त्याला ‘सेंत-एस्तेफचा महाराजा’ म्हणत. इमारतीचा वेष त्या व्यापाराचा आहे. पण वेष भारतीय आहे असं म्हणणं बरोबर नाही. वर वळलेल्या कडांचे, एकावर एक चढवलेल्या छपरांचे मनोरे ही पूर्व आशियाची कल्पना. आपल्याकडच्या शिखराशी, गोपुराशी किंवा छत्रीशी त्यांचं नातं नाही. हत्तींच्या मूर्ती आहेत, पण त्या हिंदुस्थानची खूण म्हणून. मुख्य लाकडी दरवाजा झांजीबारच्या सुलतानाच्या राजवाड्यातला असल्याचं सांगतात. एकूण काय, समुद्रापलीकडचा सगळा ‘पूर्व’ एकाच भिंतीवर आणून ठेवलाय. त्या काळी युरोपात ही हौस जोरात होती. इंग्लंडमधल्या ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅशने याच वळणावर, पण मोगल घुमटांसह, नवा घडवला.

झांजीबारच्या दरवाज्यापाशी मात्र दोन मिनिटं जास्त थांबा. झांजीबारच्या दारांची म्हणून जी पद्धत आहे, म्हणजे जाड लाकूड, चौकटीवर खोल कोरीव वेलबुट्टी, फळ्यांवर पितळी गोळे किंवा टोकदार खिळे, तिच्यात गुजरात-कच्छच्या व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा मोठा हात आहे. वाड्याचा दिंडी दरवाजा पाहत वाढलेल्या माणसाला अशा दाराची भाषा लगेच समजते. या सगळ्या इमारतीत भारताच्या खऱ्या जवळचं काही असेल तर पॅगोडे नव्हेत, ही दारांची परंपरा.

भारताशी दुसरा दुवा बाटलीचा. परदेशी गेलेला जो माल विकला न जाता परत यायचा तो प्रवासात अधिक चांगला झालाय असं देस्तुर्नेलच्या लक्षात आलं, आणि अशा वाइनवर तो ‘आर’ हे अक्षर टाकायचा, म्हणजे ‘रतूर दे झांद’, हिंदुस्थानातून परतलेली. यामागचं शास्त्र साधं आहे. सुएझ कालवा १८६९चा, तेव्हा त्याच्या काळात जहाज आफ्रिकेला वळसा घालूनच जायचं. जाताना अटलांटिकमध्ये एकदा आणि हिंदी महासागरात एकदा विषुववृत्त ओलांडायचं, येताना पुन्हा दोनदा. म्हणजे एका फेरीत पीप चार वेळा विषुववृत्तावरून जाई आणि कित्येक आठवडे तिशीच्या आसपासच्या उबेत राही. शिवाय हेलकाव्यांनी गाळ सतत ढवळला जाई आणि लाकडातून थोडी हवा लागत राही. त्या काळच्या कडक, तुरट सेंत-एस्तेफला हे मानवत असणार, कारण टॅनिनचे, म्हणजे साली-बियांतल्या तुरट द्रव्याचे, रेणू एकमेकांना जोडले जाऊन तुरटपणा मवाळ होतो. पण यावरून वाइनला ऊब चांगली असा निष्कर्ष काढू नका. आजची वाइन कमी आम्लाची, पिकलेल्या फळाची असते. ती २५ अंशांवर काही महिने ठेवलीत तर फळ मरतं, रंग विटकरी होतो आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. मुंबईच्या गोदामात उन्हाळाभर पडलेली चांगली बाटली उघडलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता पोटाकडे. २०००मध्ये उद्योगपती मिशेल रेबिए यांनी मळा घेतला. जुना दर्शनी भाग राखून त्यामागे नवं कोठार बांधायचं काम वास्तुकार जाँ-मिशेल विल्मोत यांच्याकडे आलं आणि ते २००८मध्ये पूर्ण झालं. बाहेरच्या सजावटीनंतर आत शिरलं की एकदम शांत वाटतं. पोलाद, काच, काँक्रीट, मंद उजेड. स्टेनलेस स्टीलच्या ७२ टाक्या आहेत. त्या उभ्या नळकांड्यासारख्या नाहीत. खाली रुंद, वर निमुळत्या, दुहेरी भिंतीच्या. आणि चार ‘लिफ्ट टाक्या’, प्रत्येकी १०० हेक्टोलिटरच्या, म्हणजे १०,००० लिटरच्या. द्राक्षं किंवा वाइन हलवायला पंप नाही. जे खाली जायचं ते आपल्या वजनाने जातं, जे वर न्यायचं ते टाकीसकट लिफ्टने जातं.

निमुळत्या टाकीचं कारण नीट समजून घ्या, कारण तुमच्या टाक्या बनवून घेताना ते कामी येईल. लाल वाइन आंबताना कार्बन डायऑक्साइड सालींना वर ढकलतो आणि वर चोथ्याची जाड टोपी तयार होते. रंग आणि टॅनिन सालीत असतं, म्हणून रस त्या टोपीला पुन्हा पुन्हा भेटला पाहिजे. सरळ टाकीत टोपी वर चढून सुकते, सुकली की तापते, आणि तिच्यावर अॅसिटिक जंतू बसले की व्हिनेगरचा वास सुरू होतो. वर निमुळत्या होणाऱ्या टाकीत टोपी जितकी वर येते तितकी आवळली जाते, त्यामुळे ती रसात बुडालेली आणि ओली राहते. तोटा एवढाच की अशी टाकी महाग पडते, जागा जास्त खाते आणि आतून धुताना खांद्याशी कोपरे हाताने घासावे लागतात.

लिफ्ट टाकीचं काम जवळून पाहायला मिळालं तर सोडू नका. आंबणाऱ्या टाकीच्या तळाची झडप उघडतात. जांभळा, फेसाळ रस खालच्या पातळीवर उभ्या असलेल्या लिफ्ट टाकीत आपोआप उतरतो आणि आतली टोपी हळूहळू खाली बसून तळाच्या जाळीवर टेकते. काही वेळ ती तशीच निथळू देतात, स्वतःच्या वजनाने चेपली जाऊन सालीत अडकलेला रस सुटतो. बियाही खाली गोळा होतात, कच्च्या असतील तर त्या वेळी काढून टाकता येतात. मग लिफ्ट टाकी वर जाते, मूळ टाकीच्या तोंडाशी जोडली जाते आणि सगळा रस टोपीवर परत सोडतात. टोपी फुटते, वर येते आणि पुन्हा बांधली जाते. याला फ्रेंचमध्ये ‘देलेस्ताज’ म्हणतात. आंबण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत, अल्कोहोल कमी असताना, हे जोरात करतात. शेवटी शेवटी हात आखडता घेतात, कारण तेव्हा अल्कोहोल बियांतलं कडू टॅनिन ओढायला लागतं. १०,००० लिटर म्हणजे १० टनांवर वजन, वर टाकीचं स्वतःचं. ते उचलून तोलून धरणारी लिफ्ट, तिचे खांब आणि खालचा स्लॅब यांचा खर्च कल्पनेपेक्षा मोठा असतो. लिफ्ट ऐन हंगामात अडली तर पर्यायी वाट आधीच ठरलेली हवी.

पंपाने नुकसान होतंच का? माझं स्पष्ट मत असं की नुकसान कुठे होतं ते ओळखून पैसे खर्च करावेत. सर्वांत नाजूक टप्पा देठ काढलेल्या अख्ख्या मण्यांचा. स्क्रू किंवा सेंट्रिफ्युगल पंपाने ते रेटले की साली फाटतात, बिया ठेचतात आणि बारीक गाळ वाढतो, जो पुढे महिनोन्‌महिने निवळत नाही. तिथे गुरुत्वाचा फायदा चाखून कळण्याइतका असतो. आंबवून झालेली, निवळलेली वाइन संथ चालणाऱ्या पेरिस्टाल्टिक (नळी दाबत द्रव पुढे सरकवणाऱ्या) पंपाने नीट हलवली तर फरक सांगणं कठीण. म्हणून छोट्या वाइनरीने वरचा अर्धा प्रवास गुरुत्वाने करावा आणि खालच्या अर्ध्यासाठी एक चांगला पंप घ्यावा.

एक धोका मात्र अशा इमारतींत साध्या वाइनरीपेक्षा जास्त आहे आणि फेरफटक्यात त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. एक लिटर रस आंबताना ५० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो जिन्यावरून पाण्यासारखा खाली वाहतो आणि सर्वांत खालच्या पातळीवर साचतो. गुरुत्वाच्या वाइनरीत सर्वांत खाली काय असतं? पिंपांची खोली आणि माणसं. तुमची ५ टन द्राक्षांची एकच टाकी घ्या. त्यातला साधारण ३,५०० लिटर रस आंबताना १९० घनमीटरच्या आसपास वायू देतो. ८ बाय ६ मीटरची, ४ मीटर उंच खोली त्याने काठोकाठ भरेल. हवेत ०.५ टक्का ही आठ तासांच्या कामाची मर्यादा, ३ टक्क्यांवर श्वास फुलतो, १० टक्क्यांच्या आसपास माणूस शुद्ध हरपून पडतो. मेणबत्ती पेटती आहे म्हणजे हवा ठीक, ही जुनी समजूत घातक आहे. ज्योत विझेपर्यंत वायूचं प्रमाण माणसाला आडवं करण्याइतकं झालेलं असतं. एक्झॉस्ट पंख्याचं तोंड जमिनीपासून वीतभर उंचीवर हवं, छताला नको. प्रत्येक खालच्या खोलीत गुडघ्याच्या उंचीवर वायूमापक आणि भोंगा हवा. आणि पडलेल्या माणसाला उचलायला दुसऱ्याने तसंच धावत जायचं नाही, हे सगळ्या मजुरांना हंगामाआधी सांगून ठेवायला हवं. अशा अपघातांत दुसरा बळी बहुतेक वेळा वाचवायला गेलेल्याचाच असतो.

पिंपांच्या खोलीकडे येऊ. मेदोकची जुनी कोठारं मुख्यतः जमिनीवर असतात, बरगंडीसारखी खोल तळघरं नाहीत. कारण जिरोंद नदीचं पात्र जवळ आणि भूजल वर. म्हणून तिथे जाड दगडी भिंती, लहान खिडक्या आणि छताखाली पोटमाळा, अशी बांधणी. दोन खोल्या ठेवायची पद्धतही जुनी, पहिल्या वर्षाच्या पिंपांना एक आणि दुसऱ्या वर्षाच्या पिंपांना अधिक गार, अंधारी दुसरी. जाड भिंत दिवस-रात्रीचा फरक गिळते, पण उन्हाळा-हिवाळ्याचा गिळत नाही. म्हणून जिथे जमतं तिथे नव्या कोठारांत पिंपं खाली उतरवतात आणि पाणी रोखण्यासाठी भरपूर खर्च करतात.

बोर्दोचं पीप २२५ लिटरचं. रिकामं साधारण ४५ ते ५० किलो, भरलं की पावणेतीनशेच्या आसपास. हवा १४ ते १६ अंशांवर, आर्द्रता ७५ ते ८५ टक्के. आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली गेली की लाकडातून पाणी जास्त उडतं, पीप लवकर रितं होतं. ९० टक्क्यांवर गेली की पिंपांवर आणि भिंतींवर बुरशी धरते. वर्षाला २ ते ५ टक्के वाइन अशी उडून जाते, म्हणून ठरलेल्या दिवशी प्रत्येक पीप काठोकाठ भरायचं. वर बोटभर हवा राहिली की त्या पृष्ठभागावर पांढरी साय धरते. तीन-चार महिन्यांनी वाइन गाळावरून काढून धुतलेल्या पिंपात घ्यायची. जुन्या पद्धतीत पिंपाच्या तोंडाकडच्या भोकातून वाइन संथ धारेने सोडतात आणि मेणबत्तीच्या ज्योतीसमोर पेला धरून बघत राहतात. धार लालबुंद, नितळ चालू असते. मग पेल्यात धुरासारखी एक रेघ सरकते. त्याच क्षणी भोक बंद. दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला तर तळाचा गाळ नव्या पिंपात जातो. शेवटी निवळायला एका पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. तो जास्तीचं टॅनिन पकडून खाली बसतो.

पिंपांत बिघडतं ते बहुतेक ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे. घोड्याच्या तबेल्यासारखा, जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा वास. खोली १८-२० अंशांवर गेली आणि वाइन टिकवायला घालतात ते सल्फरडायऑक्साइड (बोलीत नुसतं ‘सल्फर’) कमी पडलं की ते वाढतं. इथे आम्लता निर्णायक असते, पीएच जितका जास्त तितकं आम्ल कमी. पीएच ३.६ असेल तर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मॉलिक्युलर सल्फरसाठी, म्हणजे जंतूंवर खरं काम करणाऱ्या भागासाठी, मुक्त सल्फर लिटरला ३१ मिलिग्रॅम लागतं, ३.८ असेल तर ४९. नाशिककडच्या लाल वाइनचा पीएच वरच्या बाजूला जायची प्रवृत्ती असते, तेव्हा फ्रेंच पुस्तकातला डोस डोळे झाकून घेऊ नका.

आणि वास्तूशी थेट जोडलेला एक दोष सांगतो, जो तुमच्यासारख्या नव्या बांधकामाला लागू आहे. एकेकाळी फ्रान्समध्ये छपराच्या लाकडाला वाळवी-बुरशीसाठी क्लोरिनयुक्त औषधं लावत. बुरशीने त्यांचं रूपांतर क्लोरोअॅनिसोलमध्ये केलं आणि तो ओल्या पुठ्ठ्याचा वास हवेतून पिंपांत आणि वाइनमध्ये उतरला. बूच बदलून काही होईना, कारण दोष बुचात नव्हता, छपरात होता. १९९०च्या दशकात बोर्दोमध्ये यापायी अख्खी छपरं काढून कोठारं नव्याने बांधावी लागली. म्हणून लाकडाला क्लोरो- किंवा ब्रोमोफिनॉलचं औषध नाही, आणि धुवायला ब्लिचिंग पावडर किंवा क्लोरिन बिलकूल नाही. धुलाई गरम पाणी, कॉस्टिक, सायट्रिक आणि परअॅसिटिक यांवर भागते. पॅकिंगच्या लाकडी पॅलेटही पिंपांच्या खोलीत ठेवू नका.

आता दिंडोरी. सर्वांत मोठी चूक इथेच होते, ‘जमिनीखाली खोदलं की गार’. काही मीटर खोल जमिनीचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं. बोर्दोची सरासरी १३-१४ अंश, म्हणून तिथलं तळघर फुकटात वाइनला हवं तितकं गार. नाशिकची सरासरी २४-२५ अंश. तुमचं तळघर कितीही खोल नेलंत तरी ते २४-२५वरच थांबणार. पूर्वी धान्य पेवात राहायचं कारण पेव कोरडं आणि स्थिर होतं, थंड नव्हतं. तेव्हा शीतकरण यंत्र लागणारच. तळघराने इतकंच होतं की एप्रिलच्या ४० अंशांऐवजी यंत्राला २५ अंशांशी झुंजावं लागतं. त्याबदल्यात काळा पाषाण फोडण्याचा खर्च आणि पावसाळ्यातला पाझर पदरात पडतो. २० टनांच्या वाइनरीला हा हिशेब बसत नाही. त्याऐवजी उत्तरेकडे उताराला पाठ टेकवून अर्धी जमिनीत, अर्धी वर अशी खोली करा. भिंत दगडाची चालेल, पण बेसाल्ट उष्णता सहज वाहू देतो, म्हणून आतून ८० ते १०० मिलिमीटर पफ (उष्णतारोधक फोमचं) पॅनेल लावा आणि बाष्परोधक थर गरम बाजूला, म्हणजे बाहेरच्या अंगाला ठेवा. छपरावर दुसरं छप्पर, मधून हवा खेळती. एसी लावलात की तो हवेतलं पाणी काढून घेतो आणि मार्च-एप्रिलमध्ये आर्द्रता निम्म्यावर येते, म्हणून ह्युमिडिफायर त्याच दिवशी बसवा. जुलैत उलट होतं, तेव्हा तो बंद करून बुरशीवर लक्ष.

गुरुत्व मात्र तुम्हाला जमण्यासारखं आहे. सह्याद्रीच्या अंगाच्या उतारांवर बेसाल्टचे नैसर्गिक टप्पे असतात, त्यातले दोन वापरा. वरच्या टप्प्यावर क्रेट उतरवणं, निवडणं, देठ काढणं. त्याच पातळीला टाक्यांची तोंडं, म्हणजे मणी घरंगळत टाकीत. टाक्यांचे तळ साधारण ४-५ मीटर खाली आणि त्याहून अडीच-तीन मीटर खाली पिंपं. लिफ्ट टाकी परवडणार नाही, पण तिचं तत्त्व परवडतं. १,००० लिटरची स्टीलची टाकी आणि वर पक्क्या गर्डरवर २ टनांची चेन पुली. ५ टनांच्या टाकीत निथळणारा रस साधारण ३,००० लिटर, म्हणजे तीन फेऱ्यांत एक देलेस्ताज. टाकी मात्र ६,५०० ते ७,००० लिटरची घ्या. टोपी वर चढायला पाचवा हिस्सा रिकामा लागतो, नाहीतर रात्री ती झाकणातून बाहेर येते.

आंबणाऱ्या टाकीच्या शीतकरणात कंजुषी करू नका. एक ब्रिक्स (म्हणजे वजनाने एक टक्का) साखर आंबली की रस सव्वा ते दीड अंश तापतो. २४ ब्रिक्सचा रस २० अंशांवर सुरू झाला आणि उष्णता काढलीच नाही, तर हिशेबाने तो पन्नाशीच्या वर जायला हवा. प्रत्यक्षात ३५ ओलांडताच यीस्ट दमतं आणि साखर शिल्लक राहून आंबणं अडतं. अशी अडलेली टाकी पुन्हा चालू करणं हे हंगामातलं सर्वांत त्रासाचं काम. लाल वाइनला २६ ते ३० अंश ठेवा. ५ टनांच्या एका टाकीला जोराच्या दिवशी एक टन रेफ्रिजरेशन (एसीच्या टनासारखं थंडाव्याचं माप) पुरतं. पण तुमचा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा, बाहेर पारा चढता, म्हणून दीडपट धरा, आणि वीज जाते हे गृहीत धरून जनरेटर चिलरच्या मापाचा घ्या, फक्त दिव्यांच्या मापाचा नको.

भेटीबद्दल. आधी ईमेलने वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका. मेदोकची तोडणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, तेव्हा पाहुण्यांना मर्यादित भागच दाखवतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलात तर तोडणी उरकलेली असते, पण टाक्यांवर काम चालू असण्याची शक्यता चांगली असते, तुम्हाला तेच पाहायचंय. गाडी नसेल तर बोर्दोच्या सेंत-जाँ स्टेशनवरून पोयाकपर्यंत रेल्वे जाते, पुढे टॅक्सी. वाइनची विक्री मुख्यतः बोर्दोच्या व्यापाऱ्यांमार्फत होते, म्हणून दारातच स्वस्तात मिळेल ही अपेक्षा नको. चव पाहताना दुसऱ्या वाइनचं लेबलही बघा, ‘ले पागोद द कॉस’, पॅगोड्यांच्याच नावाची. थोरली वाइन कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो यांच्यावर उभी असते आणि तरुणपणी दाट, घट्ट लागते. पागोद लवकर मोकळी होते, तेव्हा शिकायच्या दृष्टीने आधी ती घ्या.

आत फिरताना तीन गोष्टी विचारा: फरशीचा उतार किती टक्के आणि धुतलेलं पाणी कुठे जातं, खालच्या खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते, आणि लिफ्ट बंद पडली तर त्या दिवशी काय करतात. टाक्यांच्या फोटोंपेक्षा या तीन उत्तरांवरून तुमचा नकाशा जास्त बदलेल. उतार मीटरला दीड-दोन सेंटिमीटरहून कमी ठेवलात तर गटाराशी साखरेचं पाणी साचतं आणि आठवड्यात फळमाशा दारात येतात.